भावना कुणाच्या, धमक्या कुणाला

मुंबईत खारला ‘द हॅबिटॅट’ नावाचा एक लहान मंच आहे. तरुण मुलेमुली तिथे माइक हातात घेऊन विनोद करतात, कविता वाचतात. जुलै २०२० मध्ये मनसेच्या कार्यकर्त्यांनी तिथे घुसून मोडतोड केली. अग्रिमा जोशुआ या तरुणीने आदल्या वर्षी तिथे केलेल्या विनोदात अरबी समुद्रातल्या नियोजित शिवस्मारकाचा उल्लेख होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये समय रैनाच्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’वरून देशभर गदारोळ झाला, त्याचे चित्रीकरणही याच जागेतले. पुढच्याच महिन्यात कुणाल कामराच्या एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीतामुळे शिवसैनिकांनी ही जागा पुन्हा फोडली, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन दारात उभे राहिले. महापालिकेची इतकी तत्परता मुंबईकरांना एरवी पाहायला मिळत नाही.

अग्रिमाचा विनोद मुळात महाराजांवर नव्हताच. स्मारकाविषयी लोक इंटरनेटवर काय काय थापा मारतात, याची ती टिंगल होती. वर्षभर कुणाच्या लक्षातही न आलेला तो तुकडा कुणीतरी शोधून फिरवला. तिने माफी मागितली, तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी पोलिसांना कायदेशीर कारवाई करायला सांगितले. त्याच सुमारास वडोदऱ्याच्या एका तरुणाने तिला बलात्काराची धमकी देणारी चित्रफीत टाकली. चेहरा उघडा, नाव उघड, आवाज चढलेला. त्या चित्रफितीविरुद्ध मोठा गलका उठला, राष्ट्रीय महिला आयोगाने पत्र लिहिले, तेव्हा गुजरात पोलिसांनी त्याला पकडले. निनावीपणामुळे माणसे बेताल होतात असे नेहमी म्हटले जाते. या तरुणाला तोंड लपवण्याची गरजच वाटली नव्हती.

स्त्री-पुरुष राजकारण, करमणूक आणि ऑनलाइन वर्तन यांची गुंतागुंत गेल्या बारा-पंधरा वर्षांत कशी वाढली हे पाहू लागले, की एक विषमता पुन्हा पुन्हा समोर येते. समूहाची भावना दुखावली की यंत्रणा तासाभरात हलते. एका बाईला जीवे मारण्याची किंवा बलात्काराची धमकी आली तर ती आधी बातमी व्हावी लागते. पक्ष बदलले, सरकारे बदलली, तरी या क्रमात फारसा फरक पडलेला नाही.

पालघरचे प्रकरण इथे आठवणे भाग आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर नाराजी लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची नासधूस झाली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण मागे घेतले गेले, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. कलम गेले, सवय राहिली. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळेने शरद पवारांविषयीचा दुसऱ्या कुणाचा तरी पद्यमजकूर फेसबुकवर टाकला. मजकूर हिणकस होता, यात दुमत असायचे कारण नाही. पण तिच्यावर राज्यभर वीसहून अधिक गुन्हे दाखल झाले आणि सुमारे चाळीस दिवस ती कोठडीत राहिली. कळंबोली पोलीस ठाण्याबाहेर तिच्यावर शाई आणि अंडी फेकणाऱ्या राष्ट्रवादीच्या महिला कार्यकर्त्या होत्या. शिवसेना, मनसे, राष्ट्रवादी: या यादीत एकाच पक्षाला वेगळे काढून बोट दाखवता येईल अशी सोय नाही.

हे सगळे मोबाइलने आणले असे मानणाऱ्यांनी १८८१ सालाकडे जावे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपले अनौरस मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, आणि ‘पुणेवैभव’सारख्या वृत्तपत्रांनी त्या निमित्ताने समस्त बायकांच्या वर्तनाचा पंचनामा मांडला. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. त्यावर झालेल्या टीकेविरुद्ध जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पन्नास वर्षांनी, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातले लिहिणारी ही विभावरी शिरूरकर कोण, याचा शोध घेण्यात महाराष्ट्राने पुस्तक वाचण्यापेक्षा जास्त उत्साह दाखवला. बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी टोपणनाव घेतले होते ते लिहिता यावे म्हणून. आजच्या निनावी खात्यांचा बचाव करताना आणि त्यांच्यावर बंदी मागतानाही ही दुसरी बाजू सहसा कुणी ध्यानात घेत नाही.

२०१८ च्या शरदात मात्र क्रम काही काळ उलटा झाला. तनुश्री दत्ताने २००८ मधल्या एका चित्रपटाच्या सेटवरील गैरवर्तनाचा आरोप नाना पाटेकर यांच्यावर पुन्हा केला आणि हिंदी चित्रपटसृष्टीतल्या, वृत्तपत्रांतल्या, जाहिरात क्षेत्रातल्या बायका बोलू लागल्या. पाटेकरांनी आरोप फेटाळले. जून २०१९ मध्ये पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने मुदत उलटून गेल्याचे कारण देत दखल घेण्यास नकार दिला. म्हणजे आरोप खरा की खोटा याचा निवाडा झालाच नाही. महाराष्ट्रात त्या वेळी जी चर्चा रंगली तिचा सूर आठवण्यासारखा आहे: ‘दहा वर्षे कुठे होती?’ २००८ मध्येच ती बोलली होती, आणि तेव्हा तिच्या गाडीवर जमाव चालून गेल्याची दृश्ये वाहिन्यांवर दिसली होती, हे विचारणाऱ्यांच्या गावीही नव्हते. त्याच लाटेत आपल्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर एम. जे. अकबर यांनी बदनामीचा खटला भरला. अकबरांचे केंद्रीय मंत्रिपद गेले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये रमाणी निर्दोष सुटल्या. दशके उलटल्यावरही बाई तक्रार मांडू शकते, हे त्या निकालाने नोंदवले. इंटरनेटवरच्या बोलण्याने एका बलाढ्य माणसाला जाब द्यावा लागला, याचे हे आपल्याकडचे बहुधा सर्वांत स्वच्छ उदाहरण.

अस्वच्छ उदाहरणही त्याच लाटेतले. बलात्कारासाठी बाईलाच दोष देण्याच्या वृत्तीवर २०१३ मध्ये ‘इट्स युअर फॉल्ट’ ही झणझणीत चित्रफीत काढणाऱ्या एआयबी या विनोदी चमूतल्या माणसांना आपल्याच एका सहकाऱ्याविरुद्धच्या तक्रारी ठाऊक होत्या आणि तरी त्याला काम मिळत राहिले, हे बाहेर आले. चमू विस्कटला. पुरोगामी विनोद करणे आणि कचेरीत सभ्य वागणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे तेव्हा अनेकांच्या चाहतेपणाला परवडले नाही.

चित्रपटांचा वाद यापेक्षा जास्त गाजला, पण खोली कमी. संदीप रेड्डी वांगाचा ‘कबीर सिंग’ जून २०१९ मध्ये आला. नायक नायिकेच्या मुस्कटात मारतो, आणि प्रेमात तेवढी मोकळीक नसेल तर त्यात भावना कुठली, अशा अर्थाचे समर्थन दिग्दर्शकाने एका मुलाखतीत केले. समंथा आणि गायिका चिन्मयी श्रीपाद यांनी विरोध केला, त्यांना भरपूर शिव्या मिळाल्या, चित्रपटाला भरपूर पैसे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘अ‍ॅनिमल’ आला तेव्हा वाद राज्यसभेपर्यंत गेला. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात जावेद अख्तर म्हणाले, की बाईला बूट चाटायला सांगणारा नायक असलेला चित्रपट तुफान चालतो, तर ती धोक्याची गोष्ट आहे. चित्रपटाच्या अधिकृत खात्यावरून त्यांच्या साऱ्या लेखनालाच खोटे ठरवणारे उत्तर आले. वांगाने नंतर विचारले, की मुलगा फरहान ‘मिर्झापूर’ची निर्मिती करत होता तेव्हा हा सल्ला कुठे गेला होता? प्रश्न अडचणीचा होता, उत्तर नव्हे.

या वादात दोन्ही बाजू एकेक गोष्ट गृहीत धरतात: पडद्यावरचे पाहून लोक वागतात, किंवा अजिबात वागत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे दोघांनाही गैरसोयीचे आहेत. नवऱ्याने बायकोला काही कारणांसाठी मारणे योग्य आहे असे २०१५-१६ च्या फेरीत ५२ टक्के बायकांनी आणि ४२ टक्के पुरुषांनी मानले होते. २०१९-२१ च्या फेरीत बायकांचे प्रमाण ४५ टक्क्यांवर उतरले, पुरुषांचे ४४ वर चढले. कोणत्याही दिग्दर्शकाने पेरायच्या आधीपासून हे पीक उभे आहे. बायका, सावकाश का होईना, त्यातून बाहेर पडत आहेत. पुरुष जिथे होते तिथेच आहेत. कबीर सिंगवर टाळ्या वाजवणाऱ्यांत मुलीही होत्या, या निरीक्षणाचा उपयोग चाहत्यांनी ढाल म्हणून केला आणि समीक्षकांनी ते झटकून टाकले. त्या मुली कोण, त्यांना नेमके काय आवडले, हे विचारायला मात्र फारसे कुणी गेले नाही.

मराठीत या काळात वेगळ्याच गोष्टी लोकप्रिय झाल्या. २०१६ च्या ‘सैराट’मधली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि प्रेमाचा पुढाकार घेते. मराठी चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा पहिल्यांदा गाठला तो तिच्या जोरावर. २०२३ मधला केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ सहा बहिणींच्या मंगळागौरीवर चालला. नऊवारी नेसून, गॉगल लावून, कुणाची भिशी तर कुणाचे महिला मंडळ असे घोळके दुपारच्या खेळांना लोटले. समीक्षेत या प्रेक्षकाला फार गंभीरपणे कुणी घेतले नाही, तिकीटबारीने घेतले. ‘अग्गंबाई सासूबाई’ने सासूचे लग्न लावले, ‘आई कुठे काय करते’ने घटस्फोटित अरुंधतीला दुसरा संसार दिला. ज्यांच्या घरात संध्याकाळी ती मालिका लागत होती, त्यांच्यातल्याच काहींनी समाजमाध्यमांवर ‘संस्कृती बुडाली’ असा टाहो फोडला. मालिका तरी जवळपास पाच वर्षे चालली.

गौतमी पाटीलची गोष्ट या सगळ्यात सर्वांत बोलकी. धुळे जिल्ह्यातली ही मुलगी २०२२-२३ मध्ये गावोगावच्या जत्रांना, वाढदिवसांना, उद्घाटनांना नाचू लागली आणि तिच्या रीळ घराघरांतल्या मोबाइलवर पोहोचल्या. हावभाव अश्लील आहेत अशी टीका झाली, लावणीच्या जुन्या कलावंतांनी तिला सुनावले, तिने माफी मागितली आणि नाच बदलला. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही: पारंपरिक लावणी अदाकारीवर आयुष्य काढलेल्यांना डीजेवरचा नाच लावणी म्हणून खपवला जाताना पाहून राग येणारच. पण तिच्या कार्यक्रमांत खुर्च्या मोडल्या, लाठीमार झाला, झाडांवर आणि पत्र्यांवर चढून बसलेले लोक खाली आले, ते सगळे पुरुष होते. त्या हजारोंच्या वर्तनावर जिल्हाभर कुणी परिसंवाद भरवला नाही. बातमीचा मथळा ठरलेला असे: गौतमीच्या कार्यक्रमात राडा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ती कपडे बदलत असताना चोरून काढलेली चित्रफीत फिरवली गेली. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, पुण्यात गुन्हा नोंदला गेला. काही महिन्यांतच नवी मागणी पुढे आली, तिने ‘पाटील’ हे आडनाव लावू नये, त्याने समाजाची बदनामी होते. चोरून चित्रण करणाऱ्याने, किंवा ते आपल्या फोनवरून पुढे ढकलणाऱ्या असंख्यांनी, आपापली आडनावे सोडावीत असे कुणी सुचवले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि मग दत्तो वामन पोतदारांच्या समितीकडून त्याला ‘सुधारून’ परत आणले, तेव्हापासून प्रेक्षकाची वासना आणि नाचणारीचा दोष ही वाटणी महाराष्ट्रात पक्की आहे. आता त्यात जातीचा अभिमान मिसळला.

डिसेंबर २०२४ मध्ये हीच वाटणी सभ्य पोशाखात आली. सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येवरून बीड पेटले असताना आमदार सुरेश धस यांनी परळीतल्या ‘इव्हेंट मॅनेजमेंट’वर बोलताना प्राजक्ता माळीसह तीन कलावंत महिलांची नावे घेतली. खून, खंडणी, राजकीय आश्रय असा विषय असताना चर्चा दोन दिवसांत एका अभिनेत्रीच्या चारित्र्याकडे वळली आणि मोबाइलवरच्या मजकुराने उरलेले काम केले. माळीने पत्रकार परिषद घेतली, महिला आयोगाकडे तक्रार केली, मुख्यमंत्र्यांना भेटली. धस यांनी दिलगिरी व्यक्त केली. हे लवकर मिटले, कारण तिच्याकडे नाव होते, वाहिन्यांचे कॅमेरे होते.

बायकांवर नजर ठेवण्याचे काम फक्त पुरुष करतात, हा समज सोडून द्यावा लागतो. उर्फी जावेदच्या कपड्यांविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांकडे गेल्या त्या भाजपच्या चित्रा वाघ. उर्फी उलट तक्रार घेऊन महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्ष रूपाली चाकणकर यांच्याकडे गेली. दिवाळीच्या जाहिरातींत कपाळावर टिकली नसलेल्या मॉडेल दिसल्या म्हणून २०२१ मध्ये त्या कंपन्यांकडून खरेदी न करण्याची मोहीम चालवली ती लेखिका शेफाली वैद्य यांनी. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम पत्रकार आणि कार्यकर्त्या महिलांचा खोटा ‘लिलाव’ मांडणारे ‘बुली बाई’ हे अ‍ॅप उघडकीस आले, त्यात मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांपैकी एक अठरा वर्षांची मुलगी होती. लिंगभेदाला धर्माची फोडणी बसली की काय होते, याचा अंदाज अ‍ॅम्नेस्टीच्या अभ्यासावरूनही येतो. २०१९ च्या निवडणुकीत ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून केलेली ट्वीट त्यांनी तपासली. सातांतले एक आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचे होते, आणि धार्मिक-वांशिक शिव्यांचा सर्वाधिक मारा मुस्लिम महिलांवर होता.

पुरुषांची तक्रारही या चित्रात हवी. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरजवळ पत्नीपीडित पुरुषांची संघटना पिंपळाला उलट्या फेऱ्या मारते, हीच बायको सात जन्म नको म्हणून. दरवर्षी त्याची छायाचित्रे फिरतात आणि लोक हसतात. डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या अतुल सुभाष या अभियंत्याने पत्नीकडच्यांवर छळाचे आरोप करून आत्महत्या केली, तेव्हा हसणे थांबले. पत्नीच्या छळाविरुद्धच्या कलम ४९८-अ चा गैरवापर झाल्याचे सर्वोच्च न्यायालयानेच अनेकदा म्हटले आहे, २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सरसकट अटकेला लगामही घातला. दाव्यांची वर्षानुवर्षे चालणारी ओढाताण दोन्ही बाजूंना पिळून काढते. पण या दुःखाचे इंटरनेटवर झाले काय? न्यायालये वेगवान करा, समुपदेशन वाढवा, या मागण्या मागे पडल्या. पुढे आले ते पोटगीचे विनोद, ‘सोन्याच्या शोधातल्या’ बायकांचे मीम आणि नोकरी करणाऱ्या सुनेची टवाळी. लग्न झालेल्या दर दहा बायकांपैकी जवळजवळ तिघींना नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागली, असे तेच आरोग्य सर्वेक्षण सांगते. एकाची वेदना खरी म्हणून दुसरीची आकडेवारी खोटी ठरत नाही. या साध्या हिशेबाला रीळच्या तीस सेकंदांत जागा नसते.

आणि या सगळ्यामागे पैसा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्या तरुणीच्या देहावर चिकटवलेली चित्रफीत पसरली. दिल्ली पोलिसांनी जानेवारीत आंध्रातून पकडलेल्या तरुणाचा हेतू काय निघाला? तिच्याच नावाने चालवलेल्या चाहत्यांच्या पानाचे अनुयायी वाढवणे. ना राग, ना विचारसरणी. ‘लेटेंट’च्या वेळीही असेच. रणवीर अलाहाबादियाने स्पर्धकाला आईवडिलांविषयी विचारलेल्या किळसवाण्या प्रश्नावर गुवाहाटीपासून मुंबईपर्यंत गुन्हे नोंदले गेले, सर्वोच्च न्यायालयाने त्याला झापले आणि महिन्याभरात सभ्यतेच्या अटीवर कार्यक्रम सुरू करायची मुभा दिली. त्या भागातल्या परीक्षकांतली एकमेव बाई अपूर्वा मुखिजा. तो प्रश्न तिने विचारला नव्हता, पण बलात्काराच्या आणि अ‍ॅसिडच्या धमक्या तिच्या वाट्याला आल्या. एप्रिलमध्ये तिने त्या धमक्यांची छायाचित्रे मांडली तेव्हा तिला अनुकंपा मिळाली, सल्लेही मिळाले, आणि तो वाद पुन्हा चघळणाऱ्या वाहिन्यांना नवे प्रेक्षक.

कायद्याच्या बाजूने हालचाल झाली नाही असे नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात समाजमाध्यमांवरून होणाऱ्या छळाला स्वतंत्र शिक्षा होती. त्यात मृत्युदंडासारख्या तरतुदी कोंबल्याने केंद्राचे आक्षेप आले आणि राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. ऑनलाइन छळाचा भाग वेगळा काढून मंजूर करता आला असता, तो प्रयत्न कुणी केला नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत खासगी किंवा बनावट अश्लील चित्र तक्रारीनंतर चोवीस तासांत हटवण्याची सक्ती आली. ती तक्रार करायला आधी फोन आपला असावा लागतो. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका देशात ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के, असे २०१९-२१ चे सर्वेक्षण म्हणते. शिवाय अनेक घरांत मुलीच्या नावाने काही वावगे फिरले, की चोवीस तासांच्या आत काढून घेतला जातो तो तिचाच फोन.